रेशीम, पीस आणि गळ

आमचे आयुष्य कापडाच्या धंद्यात गेले. धाग्याची पारख असलेल्या कारागिराला जमेल, पण आपल्याकडे फारसे माहीत नाही असे एक काम आहे. ते म्हणजे ट्राऊट मासा पकडण्यासाठी गळावर कृत्रिम माशी बांधणे.

ट्राऊट थंड, वाहत्या पाण्यातला मासा. आमच्या तेल्हारा तालुक्यातल्या वान नदीत तो जगणार नाही. काश्मीरमध्ये 1900 साली त्याची अंडी स्कॉटलंडहून आली. ती वाढविण्याचे काम श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणाऱ्या मिचेल साहेबांनी अंगावर घेतले. आज काश्मीर, कुलू आणि निलगिरीकडे शौकीन लोक त्यासाठी गळ टाकतात, पण मोठी गिऱ्हाइकी युरोप-अमेरिकेची.

हा मासा पाण्यातले आणि पाण्यावर पडलेले किडे खातो, म्हणून गळावर किड्याची नक्कल करतात. कल्पना जुनी आहे. रोमन लेखक एलियन याने इ.स. 200 च्या सुमारास लिहून ठेवले आहे की, मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसे लावतात.

गळ छोट्या व्हाइसमध्ये पकडतात आणि बॉबिनमधला धागा त्यावर घट्ट गुंडाळतात. मागे पिसाच्या चार काड्यांची शेपटी, मग रेशमाचे किंवा लोकरीचे अंग, शेवटी पुढच्या बाजूला पिसाचे वेढे. गाठ मारून वर लाखेचा थेंब. धागा साधारण 70 डेनियरचा, म्हणजे 9000 मीटरला 70 ग्रॅम. जाड धाग्याने माशी बोजड होते. रेशीम भिजले की रंग गडद होतो, तेव्हा रंग ओला करून पाहावा. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे गळाच्या डोळ्यापर्यंत सगळे भरून टाकणे. मग गाठीला जागाच उरत नाही.

तरंगणाऱ्या माशीला ताठ पीस लागते. ते पुरत्या वाढलेल्या नर कोंबड्याच्या मानेवर मिळते. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांतच कापला जातो, त्याची पिसे कुचकामी. पूर्वी आपल्या देशी कोंबड्यांच्या माना परदेशात पुष्कळ खपत. पुढे अमेरिकेत केवळ पिसांसाठी कोंबड्यांची पैदास सुरू झाली. त्यांच्या एका लांब पिसात कित्येक माशा होतात. म्हणून नुसती पिसे विकून बरकत येईल असे आम्हाला वाटत नाही. कमाई आहे ती बोटांच्या हुनरात. केनियात 1930 च्या दशकापासून हा धंदा उभा आहे, आणि तो हातांच्या मजुरीवरच. जरीकाम करणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही.

एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून ऐका. सातपुड्यातल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे चमकदार ठिपके असतात. इंग्रजांच्या जुन्या माशांत ते फार वापरले जात. हा पक्षी 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कोणी मेळघाटातून पिसे आणून देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. रंगवलेली नकली पिसे बाजारात मिळतात.

शिकताना 12 नंबरचा गळ घ्यावा. नंबर वाढला की गळ लहान होतो. एकाच नमुन्याच्या बारा माशा शेजारी ठेवून पाहाव्यात. बाराही सारख्या दिसल्या, तरच गिऱ्हाइकाकडे दराची गोष्ट काढावी.