मांजराचाही डॉक्टर असतो!

मांजर आडवे गेले की चार पावले मागे फिरायचे, ही रीत आमच्या आजीच्या काळी होती. ती रीत आमच्या घरातून केव्हाच गेली. मांजर मात्र राहिले. धरणगावात मांजर घरात असण्याचे कारण साधे आहे. दादरीचे पोते घरात, वेचणीचा कापूस घरात, आणि दोन्हींच्या मागे उंदीर! मांजर हे गरिबाच्या घरातले बिनपगारी राखणदार. त्याला आपण ताटातला भाकरीचा तुकडा देतो, बोंबलाचे डोके देतो, आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो.

आम्हीही तसेच समजत होतो. आमचा मन्या गेला तेव्हा डोळे उघडले.

मन्या हा चार वर्षांचा दांडगा बोका. रात्री आईच्या पायाशी झोपायचा. वडील गेल्यापासून आई त्याच्याशीच बोलायची. एका सोमवारी तो राखेच्या टोपलीत बसून कुंथू लागला. आई म्हणाली, "हाऊ नुसता कुंथी ऱ्हायना." आम्हाला वाटले, पोट साफ होत नसेल. चमचाभर एरंडेल पाजले. मंगळवारी तो खाईना, पोटाला हात लावला की ओरडे. आम्ही पुन्हा एरंडेल पाजले. कामाचा खाडा परवडत नव्हता, आणि मांजरासाठी खाडा करायचा हे कुणाला सांगायचीही लाज! बुधवारी त्याला उलट्या झाल्या, अंग गार पडले. तेव्हा पिशवीत घालून एका जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर भला माणूस. पोटाला हात लावताच म्हणाले, "पोट गच्च नाही हो याचं, लघवी तुंबली आहे. तीन दिवस झाले. काल-परवा आणायला हवं होतं." मग थोडे थांबून त्यांनी जे सांगितले, त्याबद्दल आम्हाला त्यांचा आदरच वाटला. "खरं सांगतो, अडलेली म्हैस मी डोळे मिटून सोडवीन. पण बोक्याची लघवी मोकळी करायला जी बारीक नळी लागते, ती माझ्याजवळ नाही. ती घालायचा हातही माझा बसलेला नाही." त्यांनी परळच्या कॉलेजातल्या आपल्या वर्गमित्राला फोन लावला, त्याच्या सांगण्याप्रमाणे सुईने लघवी काढली, सलाईन लावले. पण उशीर झाला होता. संध्याकाळी मन्या गेला.

आमची पुतणी नववीत आहे. तिने विचारले, "काका, मांजराचा वेगळा डॉक्टर नसतो का?" तिला उत्तर देण्यासाठी आम्ही जी माहिती जमवली, ती वाचकांपुढे ठेवतो.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे

बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी बंद होते. रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि शेवटी हृदय थांबते. दोन-तीन दिवसांत सारा खेळ आटोपतो. मांजरीला हा त्रास क्वचित, बोक्याला नेहमीचा. भूल देऊन बारीक नळी घालायची, मूत्राशय धुवून काढायचे, सलाईनने रक्त ताळ्यावर आणायचे, हा त्यावरचा इलाज आहे. वेळेत झाला तर पुष्कळ बोके वाचतात. वारंवार तुंबत असेल तर शस्त्रक्रिया करून वाट रुंद करतात.

मांजराचे शरीरच निराळे. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी त्याच्या यकृताला पचवता येत नाही. त्या औषधाने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. एक गोळीही जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिन मांजराला लावले तर त्याला झटके येतात. चांगले खाणारे, विशेषतः लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचते. मांजरांतही रक्तगट असतात. 'बी' गटाच्या मांजराला 'ए' गटाचे रक्त चढवले तर ते दगावू शकते. हे सारे ज्याने शिकले नाही, तो डॉक्टर कितीही हुशार असला तरी चुकणारच.

मांजराच्या वैद्यकाची शाळा

आपल्याकडे पशुवैद्यकाचे शिक्षण जुने आहे. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले, तेही बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या इस्पितळाच्या आवारात. त्या काळी गाडी ओढणारा घोडा आणि नांगर ओढणारा बैल महत्त्वाचा. मांजराला कोण विचारतो? ही स्थिती जगभर होती. जे जनावर पैसा देते, त्याचा वैद्य आधी तयार होतो.

मांजरांसाठी पहिली हाक इंग्लंडमध्ये उठली. जोन जड नावाच्या बाईंनी १९५८ साली तेथे मांजरांच्या आरोग्यासाठी संस्था काढली. मांजरांच्या आजारांवर संशोधन व्हावे आणि डॉक्टरांना त्याचे शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू. अमेरिकेत मांजरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संघटना १९७१ साली झाली. १९७४ साली कॉर्नेल विद्यापीठात मांजरांच्या आरोग्याचे केंद्र निघाले. अभ्यासाला फळे आली. मांजरांना रक्ताचा कर्करोग देणारा विषाणू स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे १९६४ साली सापडला होता. १९८७ साली अमेरिकेत शोध लागला की, टॉरिन नावाचे द्रव्य अन्नात कमी पडले की मांजराचे हृदय फुगून निकामी होते. हे द्रव्य मांसात आणि मासळीत असते, भाकरीत नसते. दूध-भाकरीवर बोका पोसणाऱ्या आम्हाला हे वाचून चपापायला झाले. उंदीर खाऊन तो आपली गरज भागवत होता, आणि आम्ही समजत होतो की आम्ही त्याला पोसतो!

१९९५ पासून अमेरिकेत मांजरांचा तज्ज्ञ म्हणून परीक्षा घेऊन वेगळे प्रमाणपत्र देतात. त्यासाठी आधी पदवी, मग कित्येक वर्षे प्रत्यक्ष काम, हाताळलेल्या आजारांचे सविस्तर टिपण, आणि मग परीक्षा. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाने नोकरी करणाऱ्या डॉक्टरांसाठी घरी राहून शिकण्याचा मांजर-वैद्यकाचा अभ्यासक्रम ठेवला आहे. डॉक्टर दिवसा दवाखाना चालवतो आणि रात्री अभ्यास करतो. आमच्या वस्तीत रात्रशाळा शिकलेल्यांना हे नवे नाही!

या शिक्षणात असते तरी काय?

पहिला धडा हाताचा. मांजराला मानगुटीला धरून दाबायचे नाही. टॉवेलात हळू गुंडाळायचे, कुत्र्यांच्या नजरेआड बसवायचे, आवाज कमी ठेवायचा. घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. मग डॉक्टर नसलेला मधुमेह शोधत बसतो.

दुसरा धडा भुलेचा. तीन-चार किलोचा जीव. औषध थोडे जास्त झाले तर श्वास थांबतो. मांजराचा घसा नळी लावताच आवळून येतो, म्हणून आधी तेथे बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारावा लागतो. तिसरा धडा शस्त्रक्रियेचा: लहान छेदातून मांजरीची नसबंदी, बोक्याची मूत्रवाट रुंद करणे, मोडलेले हाड जोडणे, किडलेले दात काढणे. चौथा धडा म्हाताऱ्या मांजरांचा: मूत्रपिंड, थायरॉईड, मधुमेह. हे वाचून हात बसत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच तो बसतो.

आपल्या महाराष्ट्रात पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे. त्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, घोडा, कुत्रा, मांजर, सगळे त्यातच येतात. मांजराच्या वाट्याला किती वेळ येणार? पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते, तीही औषधोपचार, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र अशा विषयांत. मांजराचा हात बसवायचा तर विद्यार्थ्याला जिथे मांजरे रोज येतात अशा मोठ्या शहरातच राहावे लागते. परळचे इस्पितळ तसे आहे. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे मोठे इस्पितळ सुरू झाले. पुण्या-मुंबईच्या मांजराला आता तज्ज्ञ मिळतो. धरणगावच्या मांजराला मिळत नाही. माणसांच्या दवाखान्यांची गोष्ट तरी कुठे वेगळी आहे?

तोवर घरी एवढे पाळा

बोका कुंथत असेल, पुन्हा पुन्हा टोपलीत जात असेल आणि लघवीचा थेंब येत नसेल, तर एरंडेल देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माणसाची कोणतीही गोळी मांजराला देऊ नका.

शेतात, घरात उंदरांचे औषध टाकले असेल तर मांजर बांधून ठेवा. विषाने मेलेला उंदीर खाऊन मांजरही मरते. काही विषांवर क जीवनसत्त्वाचा नव्हे, 'के' जीवनसत्त्वाचा उतारा असतो. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. विषाचे पाकीट डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

पिल्लू दोन महिन्यांचे झाले की लस, तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या.

मांजर चावले, ओरबाडले तर हळद-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा.

घरात गर्भवती सून असेल तर मांजराला हाकलण्याची गरज नाही. त्याची घाण दुसऱ्याने रोजच्या रोज काढावी. तिच्यातला जंतू बाधायला एक दिवस तरी लागतो. भाजी धुवून आणि मटण पूर्ण शिजवून खावे. तोच जंतू त्या वाटेनेही येतो.

आता आमच्या पुतणीसाठी

पुतणीला आम्ही सांगितले, डॉक्टर असतो, पण तो आपल्याकडे यायचा तर आपल्यातूनच कुणी तरी व्हायला हवे. बारावीला जीवशास्त्र घ्यायचे आणि नीटची परीक्षा द्यायची. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला येथे आहेत. अकोला तर भुसावळच्या पुढचा रस्ता! अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. परदेशात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. अटी असतात, मुदती असतात; जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला दहावीपासूनच जवळ असावा. कागदासाठी अडलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

हे ऐकून आई, जी मन्या गेल्यापासून फारसे बोलत नव्हती, ती बोलली. तिच्या सासऱ्यांच्या वाट्याला गावची मेलेली ढोरे ओढण्याचे काम होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले, आणि गावोगाव आपल्या लोकांनी ढोरे ओढणेही टाकले. तिच्या सासऱ्यांनीही टाकले आणि गावाचा रोष सोसला. आई म्हणाली, "त्यांना मेलेलंच जनावर हाताला लागलं. हिच्या हाताला जितं लागू दे."

त्यावर आम्हाला काही जोडायचे नाही.

मन्याची राखेची टोपली आईने अजून उचललेली नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या मांजरीचे एक पिल्लू तीत येऊन बसले. पुतणीने त्याच्या लसीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. त्या दिवशी खाडा करायचे आम्ही ठरवले आहे, आणि कारण विचारले तर लाजणार नाही.