डोंगराचा हिस्सा

सायंकाळी टिटवाळा स्थानकात मुंबईकडून आलेली लोकल थांबते तेव्हा तिच्यातून उतरणारी बहुतेक माणसे नव्या वसाहतींतील आपापल्या घरांकडे वळतात. मंगळवार असेल किंवा अंगारकी असेल, तर महागणपतीच्या दर्शनाला आलेल्यांची त्यांत भर पडते. परंतु त्याच फलाटावर आणखी काही माणसे थांबून राहतात. रिकाम्या टोपल्या, मजुरीची अवजारे, कडेवर मूल अशा सरंजामानिशी ती पुढच्या गाडीची वाट पाहत असतात. त्यांना खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा कसारा गाठायचे असते. टिटवाळा हे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील टोकाचे गाव आहे. त्याच्या मागे डोंबिवली, ठाण्यापर्यंत जवळजवळ अखंड वस्ती आहे आणि पुढे भातशेती, माळ, जंगल व कसाऱ्यापर्यंत चढत जाणारा सह्याद्री आहे. ठाणे जिल्ह्याचे वर्णन ‘सागरी, नागरी आणि डोंगरी’ अशा तीन शब्दांत करण्याचा जुना प्रघात आहे. त्यांपैकी नागरी जेथे संपते आणि डोंगरी जेथे सुरू होते ती सीमा या फलाटावर दिसते.

एका लहान प्रदेशात इतके वैविध्य सामावलेले पाहिले की युरोपातील स्वित्झर्लंडची आठवण होणे स्वाभाविक आहे. आज ज्याला ठाणे जिल्हा म्हणतात, त्याच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८१ लाख लोक राहत होते. त्या वर्षी स्वित्झर्लंडची लोकसंख्या सुमारे ८० लाख होती. मात्र स्वित्झर्लंडचे क्षेत्रफळ ४१ हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे, तर ठाणे जिल्ह्याचे ४ हजार २०० च्या आसपास. म्हणजे एका देशाएवढी माणसे त्या देशाच्या एक दशमांश भूमीवर राहतात. तरीही दोन्हीकडील रचनेत साम्य आहे. स्वित्झर्लंडमध्ये वायव्येला ज्यूराच्या रांगा, मध्ये सखल पठार आणि दक्षिणेला आल्प्स असे तीन भाग पडतात. देशाच्या भूमीचा सुमारे ६० टक्के भाग आल्प्सने व्यापला आहे. पण झुरिक, बर्न, जिनिव्हा यांसारखी मोठी शहरे आणि लोकसंख्येचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा मधल्या पठारावर एकवटला आहे. ठाण्यातही भूमी मुख्यतः शहापूर-मुरबाडकडे आणि माणसे मुख्यतः सहा महापालिकांच्या हद्दीत, अशीच विभागणी झाली आहे.

स्वित्झर्लंडचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हिमशिखरे, घड्याळे आणि बँका उभ्या राहतात. चार राष्ट्रीय भाषा आणि २६ कँटन असूनही तो देश गुण्यागोविंदाने नांदतो, याचे कौतुकही नेहमी केले जाते. तथापि ही एकी निसर्गाने दिलेली नाही. १८४७ मध्ये तेथे कँटनांमध्ये यादवी युद्ध झाले आणि १८४८ ची संघराज्याची घटना त्यातून निर्माण झाली. रोमान्श या मूठभर डोंगरी लोकांच्या भाषेला राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला तो १९३८ मध्ये. बर्न कँटनमधील फ्रेंच भाषकांचा असंतोष दीर्घकाळ धुमसत राहिला आणि १९७९ मध्ये ज्यूरा हा स्वतंत्र कँटन स्थापन झाल्यावरही तो पूर्णपणे शमला नाही. मूतिए या गावाने बर्न सोडून ज्यूरात जाण्याचा कौल दिला तो थेट २०२१ मध्ये. आल्प्सच्या खोऱ्यांतील दारिद्र्यही काही कमी नव्हते. पोट भरण्यासाठी तेथील तरुणांनी शतकानुशतके परक्या राजांच्या सैन्यांत चाकरी केली, आणि एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे अमेरिकेला निघून गेली.

मग या भिन्न प्रदेशांना एकत्र ठेवले कशाने? त्याची कारणे अनेक आहेत. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे कारण असे की डोंगराचे आणि मैदानाचे देणेघेणे तेथे कायद्याने मांडले गेले. २००८ पासून अमलात असलेल्या वित्तीय समानीकरणाच्या पद्धतीत संपन्न कँटन दुर्बल कँटनांना साहाय्य करतात. याशिवाय उंची, उतार आणि विरळ वस्ती यांमुळे डोंगरी कँटनांना रस्ते, शाळा, बर्फ हटविणे यांवर जो जादा खर्च करावा लागतो, त्याची स्वतंत्र भरपाई केंद्र सरकार देते. मोठ्या शहरांवर दारिद्र्याचा आणि दाट वस्तीचा जो बोजा पडतो, त्याचीही वेगळी भरपाई होते. राजकीय वजनातही डोंगराची उपेक्षा होत नाही. वरिष्ठ सभागृहात सोळा लाख वस्तीच्या झुरिकचे दोन प्रतिनिधी बसतात, आणि चाळीस हजारांहून कमी वस्तीच्या उरीचेही दोनच.

यांहून बोलका आहे तो पाण्याचा मोबदला. आल्प्सच्या नद्यांवर जलविद्युत केंद्रे उभी राहू लागली तेव्हा १९१६ च्या संघीय कायद्याने एक तत्त्व मान्य केले. पाण्याच्या शक्तीचा उपयोग करणाऱ्याने ते पाणी ज्या कँटनच्या किंवा गावाच्या अधिकारातील असेल त्याला दरवर्षी पाणीपट्टी द्यावी, हे ते तत्त्व. आज या पट्टीचा कमाल दर निर्मितिक्षमतेच्या दर किलोवॅटला ११० फ्रँक असा आहे आणि देशभरात तिची वार्षिक रक्कम सुमारे ५५ कोटी फ्रँक होते. तिचा मोठा भाग व्हॅले आणि ग्राउब्युंडेन या डोंगरी कँटनांना व तेथील गावांना मिळतो. वीज कंपन्या या दराविषयी कुरकुर करतात आणि दरावर संसदेत वाद झडतात. परंतु डोंगराला काही द्यावयाचे की नाही, हा वादाचा विषय उरलेला नाही.

या पार्श्वभूमीवर ठाण्याकडे पाहिले म्हणजे विषमतेपेक्षा हिशेबाचा अभाव अधिक खटकतो. ठाणे जिल्हा दरडोई उत्पन्नात राज्यातील अग्रेसर जिल्ह्यांत गणला जातो. प्रादेशिक असमतोलाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. अनुशेष मोजताना तिने जिल्हा हे एकक धरले. राज्याच्या पातळीवर ते सोयीचे होते; परंतु ठाण्यासारख्या जिल्ह्यात त्याचा परिणाम असा झाला की कारखानदारीने गजबजलेला बेलापूर पट्टा आणि मोखाड्याचा पाडा एकाच सरासरीत बसले. ही सरासरी किती फसवी होती हे १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले. तो मृत्यू झाला तोही त्या वेळी प्रगत मानल्या गेलेल्या ठाणे जिल्ह्यातच.

पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी, पालघर आणि वसई हे आठ तालुके तिकडे गेले. कारभार लोकांच्या जवळ आला हा विभाजनाचा लाभ नाकारता येणार नाही. परंतु ठाण्याकडे उरलेल्या सात तालुक्यांत शहापूर आणि मुरबाड यांची स्थिती अधिकच एकाकी झाली. जिल्ह्यातून विधानसभेवर १८ आमदार निवडून जातात. त्यांत शहापूरचा एक. सीमारेषा हलविल्याने सरासरी बदलते, पण सरासरीत दडलेला तालुका त्यामुळे उघड्यावर येतोच असे नाही.

शहापूरची कहाणी ही मुख्यतः पाण्याची कहाणी आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांची एकूण साठवणक्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी एकट्या भातसाची ७ लाख १७ हजार आणि १८९२ पासून मुंबईची तहान भागविणाऱ्या तानसाची १ लाख ४५ हजार. म्हणजे मुंबईच्या साठ्याचा सुमारे तीन पंचमांश भाग शहापूर तालुक्यातील या दोन धरणांत असतो. आणि त्याच तालुक्यातील अनेक गावांना व पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. शेकडो मिलिमीटर पाऊस झेलणारा डोंगर होळीनंतर कोरडा पडतो आणि बायकांना हंडे घेऊन दरीत उतरावे लागते.

यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही, तीव्र उतारावरून ते वेगाने वाहून जाते, आणि धरण तर खोऱ्याच्या तळाशी बांधावे लागते. पाडे असतात ते माथ्यावर आणि उतारावर. तळाचे पाणी पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत नदीच्या पात्रातून आपोआप उतरते. माथ्यावर चढविण्यास मात्र वीज, नळ आणि पैसा लागतो. म्हणूनच भातसा उशाशी असताना शहापूरसाठी नाशिक जिल्ह्यातील उंचावरच्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना आखावी लागली. अडचण भूगोलाची आहे हे खरे, परंतु भूगोलाची अडचण दूर करण्यास लागणारा पैसा कोणी द्यावयाचा हा प्रश्न अर्थकारणाचा आहे. पाण्याचा व्यवहार राज्य शासन आणि महापालिका यांच्यात होतो. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या ते गाव त्या व्यवहारात पक्षकार नसते. गावाला जे मिळते ते निवेदनाने, मोर्चाने आणि टँकरच्या फेरीने मिळते.

थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. मुंबईला दररोज ३८० कोटी लिटरांहून अधिक पाणी लागते. साठ्याच्याच प्रमाणात पाणी उचलले जाते असे धरले, तर सुमारे २२८ कोटी लिटर पाणी शहापूरचे असते. त्यावर दर हजार लिटरला एक रुपया एवढाच डोंगर-हिस्सा आकारला, तरी दिवसाला जवळजवळ २३ लाख आणि वर्षाला ८३ कोटी रुपये जमा होतील. दररोज पाचशे लिटर पाणी वापरणाऱ्या शहरी कुटुंबावर त्याचा भार महिन्याला पंधरा रुपयांहून अधिक पडणार नाही. तीन-सव्वातीन लाख वस्तीच्या तालुक्याला मात्र ही रक्कम माणशी अडीच हजार रुपयांहून अधिक होते. साठवण टाक्या, पाणी चढविण्याचे पंप, गावतळी आणि झऱ्यांची दुरुस्ती यांना एवढी रक्कम काही अल्प नव्हे.

यावर आक्षेप येतील आणि त्यांतील काही विचारात घेण्याजोगे आहेत. स्वित्झर्लंडमधील पट्टी विजेवर आहे आणि तेथे पाणी वापरून झाल्यावर पुन्हा नदीत जाते. पिण्याचे पाणी ही जीवनावश्यक वस्तू असून मुंबईच्या झोपडीतील माणूसही ते पितो. हा फरक खरा आहे. म्हणूनच हा हिस्सा अल्प वापर करणाऱ्या कुटुंबांना माफ ठेवून मोठ्या व व्यापारी ग्राहकांवर अधिक बसविता येईल. दुसरा आक्षेप असा की पाणी राज्याचे आहे, कोणा तालुक्याचे नव्हे. तेही मान्य. परंतु पाणी सर्वांचे असेल, तर ते अडविण्यासाठी बुडालेली जमीन आणि राखावे लागणारे जंगल यांचा भारही सर्वांनी वाहावयास हवा. तिसरी शंका अधिक व्यावहारिक आहे: हा पैसा पाड्यापर्यंत पोहोचेल काय? ठेकेदारांच्या साखळीत तो मध्येच जिरणार नाही काय?

या शंकेचे उत्तरही आल्प्समध्ये सापडते. व्हॅलेमधील टोर्बेल या खेड्यातील रहिवाशांनी १४८३ मध्ये एक लेखी करार करून आपली कुरणे आणि जंगले यांच्या वापराचे नियमन स्वतःकडे घेतले. हिवाळ्यात जेवढ्या गाई गोठ्यात पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडाव्यात, असा नियम त्या गावाने पुढे १५१७ मध्ये केला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक संपत्तीच्या आपल्या अभ्यासात या गावाचे उदाहरण दिले. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते याच प्रकारच्या संशोधनासाठी. स्वतःचा साठा आणि स्वतःचा नियम असला की गाव हिशेब चोख ठेवते, हा त्या अभ्यासाचा मथितार्थ. शहापूर हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका असल्याने येथील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याचा आधार आहे. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट अशा ग्रामपंचायतींकडे देण्याचा निर्णयही राज्यात झालेला आहे. डोंगर-हिस्सा पोहोचविण्याची वाट त्यामुळे काही अंशी तयार आहे.

शिवाय ही कल्पना या मातीला अगदी परकी आहे असेही नाही. मुरबाडजवळचा नाणेघाट चढून गेले की माथ्यावर एक मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणाऱ्या मालावरील जकात त्यात जमा होई, असे परंपरा सांगते. परंपरेचा तपशील कसाही असो, घाट ओलांडणाऱ्याने घाटाचे काही देणे लागते ही समजूत त्या रांजणात शिल्लक आहे. पुढे १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे इगतपुरीला पोहोचली आणि डोंगर हा थांबण्याचा मुक्काम न राहता नुसता ओलांडण्याचा अडथळा झाला. आज त्याच्याकडून मैदानाला हवे आहे ते पाणी.

ही मागणी आता मुंबईपुरती राहिलेली नाही. कल्याण, बदलापूर, टिटवाळा येथील वसाहती दरवर्षी वाढत आहेत आणि त्यांचीही नजर डोंगरातील पाण्याकडे लागली आहे. मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरील नियोजित धरणाचा वाद न्यायालयापर्यंत गेला, तो बुडणाऱ्या गावांच्या संमतीविनाच काम सुरू झाल्याच्या तक्रारीवरून. टिटवाळ्याच्या काठाने वाहते ती हीच काळू. तिचे पाणी उद्या अडविले गेले तर ते कोणत्या नळाला येईल हे नकाशावर आधीच ठरलेले असते. वरच्या गावाला त्याबदल्यात काय मिळेल, हेही त्याच नकाशाबरोबर, त्याच कायद्यात, धरणाचा पहिला दगड बसण्यापूर्वी लिहिले गेले पाहिजे. तसे झाले तर टिटवाळ्याच्या फलाटावर कसारा लोकलची वाट पाहणारा माणूस आणि घराकडे वळणारा माणूस यांच्यातील अंतर एका गाडीपुरतेच उरेल.