आधी चाचणी, मग उभारणी

समजा, कराडला लागून असलेल्या मलकापुरात एक घर बांधायचे आहे आणि त्याच नकाशाचे दुसरे घर रत्नागिरीला. नकाशा एकच, खोल्याही तेवढ्याच. पण मलकापुरात पायाखाली कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातली काळी माती लागण्याचा संभव. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रत्नागिरीला खाली जांभा आणि भिंतीलाही जांभ्याचे चिरे. म्हणून जाणता गवंडी नकाशा हाती आल्या आल्या पाया खणत नाही. तो आधी खड्डा घेऊन जमीन पाहतो, जवळपास कोणता दगड आणि कोणती वाळू मिळते याची चौकशी करतो.

एखादी संगणकभाषा तिच्या मूळ मजकुरापासून नव्या यंत्रावर उभी करताना हेच करावे लागते. या चौकशीला 'कॉन्फिगर करणे' म्हणतात.

पायथनसारखी भाषा संगणकाला कळते, कारण ती समजून घेणारा एक प्रोग्रॅम त्यावर बसवलेला असतो. तो प्रोग्रॅमही कोणीतरी लिहिलेला असतो, बहुतांशी सी भाषेत. या लिहिलेल्या मजकुराला सोर्स म्हणतात. आपण सहसा त्याचे तयार रूपांतर उतरवून घेतो. पण तयार रूपांतर विशिष्ट प्रोसेसर आणि विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमपुरतेच चालते. सोर्स हाती असेल, तर ज्या यंत्रासाठी तयार रूपांतर कोणी केलेले नाही त्यावरही भाषा उभी करता येते.

अडचण अशी, की युनिक्सच्या कुळातील लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलारिस ही भावंडे तोंडावळ्याने सारखी असली तरी स्वभावाने वेगळी आहेत. एकीकडे 'लाँग' प्रकारची पूर्णांक संख्या ४ बाइटांत मावते, दुसरीकडे तिला ८ बाइट दिलेले असतात. कोठे संख्येचा मोठा भाग आधी साठवतात, कोठे लहान भाग. एखादे फंक्शन एका ठिकाणी असते, दुसऱ्या ठिकाणी नसते.

यावर पहिला उपाय सुचतो तो यादीचा : अमुक सिस्टिम असेल तर अमुक गोष्टी आहेत असे धरावे. पण सिस्टिमची नवी आवृत्ती निघाली की यादी जुनी होते. दुसरा उपाय विज्ञानाच्या विद्यार्थ्याला जवळचा वाटेल. नावावर विसंबू नये, प्रयोग करून पाहावा. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल ही भाषा प्रसृत केली. तिची कॉन्फिगर फाइल यंत्राची तपासणी करी आणि आपला अंदाज दाखवून माणसालाही प्रश्न विचारी. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहिले. थोडक्यात मांडलेल्या प्रश्नांवरून ते लांबलचक कॉन्फिगर फाइल आपोआप तयार करून देते. पायथन आजही हेच वापरते.

ही फाइल चालवली की पडद्यावर 'तपासत आहे' अशा अर्थाच्या ओळी धावू लागतात. अमुक फंक्शन आहे का, हे पाहण्यासाठी कॉन्फिगर त्या फंक्शनला हाक मारणारा चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहितो आणि कंपायलरकडे देतो. प्रोग्रॅम तयार झाला तर उत्तर 'आहे', नाही तर 'नाही'. काही प्रश्नांसाठी तो चालवूनही पाहावा लागतो. उत्तरे दोन जागी जातात. एक भाग सोर्सला जोडायच्या फाइलमध्ये, दुसरा मेकफाइलमध्ये. त्यानंतर 'मेक' ही आज्ञा त्या सूचनांनुसार भाषा उभारते. प्रत्येक चाचणीची आणि तिच्या अपयशाचीही नोंद 'कॉन्फिग लॉग' या फाइलमध्ये राहते. ही कॉन्फिगरची प्रयोगवहीच म्हणा ना!

ही वही न पाहिल्याने एक घोटाळा नेहमी होतो. पायथन उभे राहते, बेरजा करते, पण इंटरनेटवरून सुरक्षितपणे काही उतरवून घेऊ शकत नाही. कारण ओपनएसएसएल हे ग्रंथालय यंत्रावर असते, परंतु त्याची ओळख सांगणाऱ्या हेडर फाइली नसतात. डेबियनसारख्या सिस्टिममध्ये त्या वेगळ्या बसवाव्या लागतात. चाचणी 'नाही' म्हणते आणि उभारणी तो भाग गाळून मुकाट्याने पुढे जाते.

आपल्याकडे हा विषय पवईला, आय.आय.टी. मुंबईत, बारकाईने शिकवला गेला आहे. तेथे प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी या कंपायलरच्या अभ्यासाचे केंद्र चालले. त्याच्या २०११ आणि २०१२ च्या कार्यशाळांत जीसीसी कॉन्फिगर करून उभारणे हा एक स्वतंत्र पाठ होता. कंपायलरच्या बाबतीत प्रश्न तीन होतात : तो कोणत्या यंत्रावर उभारायचा, कोणत्या यंत्रावर चालणार आणि कोणत्या यंत्रासाठी प्रोग्रॅम तयार करणार? एकाच यंत्रापुरते काम असेल, तर जीसीसी स्वतःला तीनदा उभारतो. जुन्या कंपायलरने पहिला, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा. दुसरा आणि तिसरा तंतोतंत जुळले पाहिजेत. न जुळल्यास कोठेतरी चूक आहे.

पण तपासणी करणाऱ्याचीच तपासणी कोण करतो? पायथनची कॉन्फिगर फाइल वीस हजारांहून अधिक ओळींची आहे. ती कोणी वाचत नाही. याचा गैरफायदा २०२४ मध्ये घेतला गेला. एक्सझेड या फाइली आवळण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कॉन्फिगर घडवणाऱ्या मजकुरात काही ओळी घुसडल्या होत्या. त्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या सोर्सच्या भांडारात नव्हत्या. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातच होत्या. काही लिनक्स यंत्रांवर उभारणी करताना त्या ओळी चाचणीच्या नमुना फाइलींत दडवलेला चोरदरवाजा बाहेर काढून जोडीत. कुंपणानेच शेत खाल्ले! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याचे कारण शोधता शोधता मार्च २०२४ मध्ये हे कारस्थान उघड झाले. अर्ध्या सेकंदाकडे त्याने दुर्लक्ष केले नाही, म्हणून असंख्य यंत्रे वाचली.

शाळेत लिनक्स असलेला एक जुना संगणक आणि सी कंपायलर असेल, तर अकरावी-बारावीच्या मुलांना हा प्रयोग सहज करता येईल. पायथनचे सोर्स उतरवावे आणि ते वेगळ्या फोल्डरमध्ये बसवण्याची सूचना देऊन कॉन्फिगर करावे, म्हणजे यंत्रावरच्या मूळ पायथनला धक्का लागणार नाही. मग कॉन्फिग लॉग उघडून प्रत्येकाने एक 'नाही' निवडावे आणि ते का आले, हे वर्गात सांगावे. 'आहे' या उत्तरावर आपण सहज विश्वास ठेवतो. तो कोणत्या चाचणीच्या जोरावर ठेवला, हे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर पायथन उभे राहिले नाही तरी तास वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.