पुन्हा वापरात – लेखांक ६ : झाकणाची शेगडी

बिडाच्या तव्यावरचा काळा थर जिवापाड जपायचा असतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आजच्या वस्तूवरचा काळा थर खरवडून फेकायचा आहे. तो थर पाहूनच ‘आतला रंग सुटला, आता हिचं काही खरं नाही’ असं म्हणत लोक ती कचऱ्यात काढतात, आणि एक धडधाकट वस्तू भंगारात जाते.

ही वस्तू म्हणजे कोळशाची केटल ग्रिल. खोलगट गोल भांडं, खाली तीन पाय, वर घुमटासारखं झाकण आणि आत पेटलेला लाकडी कोळसा. अमेरिकेच्या उपनगरांत परसदार असलेल्या घरी ती हमखास दिसते. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी घर घेतलं की उन्हाळ्यात मक्याची कणसं, पनीर, कोंबडी भाजायला कोणी ना कोणी ती आणतंच. नवी आणण्याआधी जुनी शोधावी, असं मी आग्रहाने सांगते. तसं का, हे कळायला ती कशी जन्मली ते आधी बघू.

१९५२ साली जॉर्ज स्टीफन शिकागोच्या ‘वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स’ या कारखान्यात काम करत होते. पाण्यात तरंगणारे लोखंडी बोये तिथे बनत. स्टीफन यांना घरी मांस भाजण्याची हौस होती, पण त्या काळच्या उघड्या, पसरट शेगड्यांनी ते वैतागले होते. वारा सुटला की राख उडायची आणि चरबी ठिबकली की भडका व्हायचा. त्यांनी बोयाच्या दोन अर्धगोलांपैकी एकाचं भांडं केलं आणि दुसऱ्याचं झाकण. पहिल्यांदा झाकण घातल्यावर विस्तव विझू लागला, तेव्हा झाकणाला भोकं पाड असं एका शेजाऱ्याने सुचवलं, अशी हकिकत सांगतात. पुढे याच शेगडीवर ‘वेबर’ ही मोठी कंपनी उभी राहिली. आकार मात्र आजही जवळपास तोच आहे.

भोकांची ती हकिकत खरी असो वा नसो, शेगडीचं सगळं मर्म त्यात आहे. तळाच्या भोकांतून हवा आत येते, कोळशाला मिळते, तापून वर चढते, झाकणाच्या आतून वळसा घेत पदार्थाला सगळीकडून आच देते आणि वरच्या झडपेतून बाहेर पडते. खालची झडप अर्धी मिटली की आच मंदावते. चरबी पेटली तरी झाकणाखाली तिला पुरेशी हवा मिळत नाही आणि भडका बसतो. म्हणून जुनी केटल पाहताना मी दोनच गोष्टी पाहते: तिचं कवच शाबूत आहे का, आणि हवेच्या वाटा उघडतात-मिटतात का. बाकी सगळं बदलता येतं.

कवचाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. हा पत्रा पोलादाचा, पण त्यावर रंग नसतो. असते ती काच. काचेची बारीक पूड पत्र्यावर चढवून ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजतात, तेव्हा ती वितळून पत्र्याला घट्ट धरते. निळ्या काठाच्या पांढऱ्या एनॅमलच्या ताटल्या आणि टमरेलं ज्यांच्या घरी होती, त्यांना ही काच ओळखीची आहे. ती कोळशाच्या आचेने जळत नाही, पाण्याने गंजत नाही, ऊन लागून फिकी पडत नाही. म्हणून तीस-चाळीस वर्षं जुनी केटल धुतली की नव्यासारखी चमकते. तिचं वैर एकट्या आघाताशी. पडली, आपटली की टवका उडतो आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला गंज लागतो.

मग झाकणाच्या आतून पापुद्रे सुटतात ते कशाचे? ते धुराचे आणि चरबीचे. वर्षानुवर्षं वाफ आणि चरबीचे कण झाकणाला चिकटतात, आचेने त्यांचा कोळसा होतो आणि थर जाड झाला की तो सोलवटून खाली पडू लागतो. बोटाने एक पापुद्रा उचलून बघा. तो ठिसूळ आणि मंद काळा असतो, चिमटीत धरला की त्याची भुकटी होते. त्याखाली गुळगुळीत, चकाकणारी काच दिसली की खुशाल घ्या. विकणाऱ्याला मात्र तो रंगच वाटत असतो, त्यामुळे भाव उतरलेला असतो.

शोधायची कुठे? अमेरिकेत मे अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत भाजण्याचा हंगाम. तो संपला की गॅरेज रिकामी होतात, आणि ऑक्टोबरमध्ये लोक ही शेगडी नाममात्र पैशांत किंवा फुकटसुद्धा देतात. मोठं सामान उचलायची गाडी गल्लीत यायच्या आदल्या संध्याकाळी ती रस्त्याच्या कडेला उभी असते. महिनाअखेरीस भाडेकरू घरं बदलतात, तेव्हाही पाहावं. बऱ्याच ठिकाणच्या अग्निसुरक्षा नियमांनुसार अपार्टमेंटच्या बाल्कनीत किंवा इमारतीपासून १० फुटांच्या आत कोळसा पेटवता येत नाही. हे नंतर कळलं की हौसेने घेतलेली शेगडी विकायला निघते.

शक्यतो २२ इंची घ्या. हे सर्वांत चालणारं माप असल्यामुळे जाळ्या, पाय, चाकं, राखेचं ताट असं सगळं आजही मिळतं, आणि आजची जाळी कित्येक दशकांपूर्वीच्या भांड्यातही बसते. मला या वस्तूबद्दल खरा आदर वाटतो तो यासाठी. मूळ माप न बदलल्यामुळे आजोबांच्या केटलला नातवाच्या काळातली जाळी चालते, असं भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येतं. वय जाणून घ्यायचं असेल तर वेबरच्या झाकणावरची झडप पाहा. तिच्यावर इंग्रजी अक्षर उमटवलेलं असतं. १९७९ च्या केटलवर ‘ए’, पुढच्या वर्षीच्या केटलवर ‘बी’, अशी ती ओळ पुढे जाते. लाकडी मूठ आणि तळाला तीन वेगवेगळ्या झडपा असतील तर शेगडी जुन्या घडणीची. नंतरच्या घडणीत एकाच दांड्याने फिरणारी तीन पाती आली, ती हवाही सांभाळतात आणि राखही खाली लोटतात.

घेण्याआधी जाळ्या काढून भांडं उजेडाकडे धरा आणि आत डोकावा. भोकांशिवाय आणखी कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे पत्रा गंजून आरपार गेलाय. गंज बहुतेक दोनच जागी खातो: तळाच्या भोकांभोवती आणि पाय जिथे खोवतात त्या खोबणींच्या जोडावर. कारण राख. ओली राख क्षारयुक्त असते. टवका उडालेल्या जागी ती साचली की पत्रा खाते, आणि खालचं ॲल्युमिनियमचं ताटसुद्धा पोखरते. खोबणीचा जोड सुटलेला असेल तर ती शेगडी सोडून द्या. पेटलेल्या कोळशाचं ओझं तीनच पायांवर असतं. पोचा आलेलं ताट, मोडकी मूठ, हरवलेलं चाक यांच्यासाठी मात्र चांगलं कवच सोडू नका.

घरी आणल्यावर पाण्याला लगेच हात लावू नका. आधी सगळी राख कोरडीच झाडून काढा. मग प्लास्टिकच्या पट्टीने झाकणाचं आतलं अंग खरवडा. वरच्या टोकाकडून काठाकडे गेलं की पापुद्रे सरसर सुटतात आणि खाली काळ्या भुग्याचा ढीग जमतो. राहिलेल्या चिवट जागा ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून घासा. मग भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी. इतक्याने बहुतेक काम होतं. आतला चिकट थर तरीही हटला नाही तर ओव्हन साफ करायचं द्रावण काचेला चालतं, पण त्यात कॉस्टिक सोडा असेल तर ते ॲल्युमिनियमला अजिबात चालत नाही. राखेचं ताट आधी काढून ठेवा, झाकणावरच्या झडपेला ते लागू देऊ नका, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि काम उघड्यावर करा. बाहेरून सर्वांत बारीक, ०००० नंबरचं स्टील वूल साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. जाड तारेची घासणी ओरखडे पाडते.

पाय खोबणीत अडकले असतील तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबा, मग पिळत-पिळत ओढा. झडप जाम झाली असेल तरी तोच उपाय, आणि तेवढ्याने हलली नाही तर रिव्हेट ड्रिलने काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलचा नटबोल्ट बसवा. लाकडी मूठ पॉलिश पेपरने घासून तिला जवसाचं तेल द्या. बाहेरच्या टवक्यांवरचा गंज घासून काढा आणि उच्च तापमान सोसणाऱ्या रंगाचा ठिपका द्या. आतून रंग लावायचा नाही.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. एक म्हणजे जाळी. हार्डवेअरच्या दुकानातली जस्ताचा मुलामा दिलेली, जीआयची जाळी स्वस्त मिळते, पण आचेवर जस्ताची विषारी वाफ निघते. शेगडीची म्हणून मिळते तीच जाळी घ्या. तारांचा ब्रशही टाळा. सुटलेली तार पदार्थाला चिकटून घशात अडकल्याच्या घटना अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे जागा. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. पाऊस असो, बर्फ असो, गॅरेजचं दार उघडं ठेवूनसुद्धा आत पेटवायचं नाही.

पहिला विस्तव रिकाम्या शेगडीत करा. भरपूर कोळसा, दोन्ही झडपा पूर्ण उघड्या, झाकण बंद, साधारण तासभर. साबणाचा, तेलाचा अंश जळून जाईल. मग खालच्या-वरच्या दोन्ही झडपा गच्च मिटा आणि सकाळी उघडून बघा. काळे, अर्धवट जळलेले कोळसे उरले असतील तर शेगडी हवा नीट अडवतेय, आणि ते कोळसे पुढच्या वेळी चालतील. सगळ्याची राख झाली असेल तर हवा कुठून तरी शिरतेय. आधी झडपा तपासा. त्या ठीक असतील तर भांड्याच्या तोंडाचा व्यास दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा, तसाच झाकणाचाही. कधीतरी पडून एखादा अर्धगोल किंचित लांबट झालेला असतो. लांब व्यासाची दोन टोकं दोन्ही हातांनी थोडी-थोडी दाबत, दर वेळी मोजत तो पुन्हा गोल करता येतो. हातोडी लावलीत तर काचेचे टवके उडतील.

पुढच्या लेखात : वातीचा स्टोव्ह