आजोबांचा रेडिओ पुटपुटू लागला तर...

व्हॉल्व्हचा रेडिओ चालू होतो, पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याचे व्होल्टेज कुठे गळते आहे, ते पाहायला हवे.

माळ्यावरचा मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा लाकडी रेडिओ कौतुकाने खाली काढला जातो. डायलचा दिवा लागतो, सगळे भोवती जमतात आणि ऐकू येते ती नुसती पुटपुट. दुरुस्तीला नेला की पुष्कळदा एकच निदान होते, "ट्रान्सफॉर्मर गेला, आता मिळत नाही." मग तो शोभेची वस्तू बनून कोपऱ्यात जातो. खरा गुन्हेगार मात्र बऱ्याचदा काही रुपयांचा कंडेन्सर असतो.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. नळाला धार कमी असेल तर एक तर टाकीत पाणी कमी चढते किंवा खाली कुणीतरी नळ उघडा ठेवलेला असतो. रेडिओचेही तसेच. ट्रान्सफॉर्मर घरची वीज चढवून साधारण 250 व्होल्ट करतो, ईझेड 80 सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह तिला एकाच दिशेने वाहायला लावतो आणि फिल्टर कंडेन्सर ती साठवतो. म्हणूनच निरोगी सेटमध्ये पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर 280 ते 300 व्होल्ट डीसी सापडतात.

तिथे 200 च्या आसपासच भरले आणि सोबत जोरदार घूं घूं असेल, तर तो कंडेन्सर सुकला आहे असे खुशाल समजावे. घूं घूं नाही, व्होल्टेज मात्र कमी, तर रेक्टिफायर थकलेला असू शकतो. मागच्या बाजूचा व्होल्टेज निवडायचा खटका 250 वर राहून गेला असेल, तर 230 च्या विजेवर सगळीच मापे आठ टक्क्यांनी घटतात. हे फुकटात सुटणारे दुखणे आधी पाहावे!

नवा कंडेन्सर घालताना 'मोठा तेवढा चांगला' हा मोह नको. ईझेड 80 ला 50 मायक्रोफॅरडची मर्यादा आहे, त्याहून मोठा त्याच्या जिवावर उठतो.

पण फसवणारा दोष आहे तो उघड्या नळाचा. ईएल 84 सारख्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला आवाज पोचवणारा मेणकागदी कंडेन्सर जुना झाला की गळू लागतो. ग्रिडवर जवळजवळ शून्य व्होल्ट असायला हवेत. तिथे दोन-चार व्होल्ट पॉझिटिव्ह चढले की व्हॉल्व्ह अधाशासारखा करंट ओढतो, भलताच तापतो आणि साऱ्या सेटचे व्होल्टेज खाली बसते. बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर आळ येतो तो इथे. गळका कंडेन्सर न बदलता नुसता नवा रेक्टिफायर बसवला, तर तोही लवकरच मान टाकतो. कंडेन्सरचे एक टोक सोडवूनही ग्रिड पॉझिटिव्हच राहिला, तर दोष व्हॉल्व्हचाच.

ही मापे जाणत्या मेकॅनिकनेच घ्यावीत, घरच्यांनी फक्त ती मागावीत. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते, ती रेझिस्टरमधूनच उतरवायची असते. यूसीएल 82, यूवाय 85 असे व्हॉल्व्ह असलेल्या काही सेटना तर मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यांची चासी थेट विजेला जोडलेली असते. मुलांना मागचे झाकण उघडू देऊ नये.

वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ थेट प्लगात लावू नये, हेही आलेच. मेकॅनिक आधी 60 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायचे, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. यासाठी एलईडी दिवा चालत नाही, तारेचा जुना पिवळा बल्बच शोधावा लागतो.