पडदा काळा, पण संगणक जिवंत

इटियाडोह धरणात अडवलेल्या गाढवी नदीच्या पाण्यावर अर्जुनी मोरगावकडच्या बांध्या पिकतात. दिवाळीच्या आसपास हलकं धान निघू लागतं आणि विक्रीच्या कागदपत्रांसाठी लोक संगणकासमोर येऊन बसतात. नेमकं तेव्हाच बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच राहतो. दुरुस्तीवाले याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. लगेच कुणीतरी सांगतं, विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल. पडद्यावर एक अक्षरही उमटलेलं नसताना काढलेला हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही, कारण विंडोजची पाळी तोवर आलेलीच नसते.

बटण दाबताच मदरबोर्डवरचा बायॉस आधी प्रोसेसर, रॅम आणि चित्र दाखवणारा भाग तपासतो. हे पार पडलं की मगच हार्ड डिस्कवरचं विंडोज उचललं जातं. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये सगळं ठीक असेल तर एकच छोटी बीप वाजे. एक लांब आणि दोन छोट्या वाजल्या तर दोष चित्राच्या कार्डात. आजही बीप मोजाव्यात, पण त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. बऱ्याच नव्या बोर्डांवर बीपऐवजी बारीक दिवे असतात आणि तपासणी जिथे अडली तिथला दिवा पेटून राहतो.

पहिली परीक्षा फुकटची आहे. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक बहुधा चालू आहे, घोटाळा मॉनिटरकडे आहे. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा, मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलंय का पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच हवी, मदरबोर्डला नव्हे. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहा. अंधूक चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलेला आहे.

कॅप्स लॉकही मुका असेल तर संशय आधी रॅमवर. पावसाळाभर हवा दमट, त्यानंतर मळणीचा भुसा आणि राइस मिलची धूळ. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसायला आणखी काय हवं? वीज पूर्ण तोडा, प्लग काढा आणि बटण अर्धा मिनिट दाबून उरलेला करंट जिरवा. धातूच्या डब्याला हात लावून मगच रॅम काढा. आपल्याकडे खोडरबराने पट्ट्या पुसतात. उपाय चालतो, पण चुरा खाचेत राहता कामा नये. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. डीडीआर-५ रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो, तेव्हा धीर धरा. संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट साठलेला असतो. विजा कडाडू लागल्या तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि इंटरनेटची तारही काढावी लागते.

कंपनीचं चिन्ह दिसून मग काळोख झाला, तर गोष्ट निराळी. आता विंडोजवर संशय घ्यायला जागा आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबली की चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तरीही भागलं नाही, तर दुरुस्तीच्या पडद्यातून सेफ मोडमध्ये जाऊन शेवटचा अपडेट किंवा ड्रायव्हर काढता येतो.

यातलं काहीच जमलं नाही तरी ‘फॉरमॅट करा’ म्हणायच्या आधी डिस्क बाहेर काढायला लावा. स्वस्त यूएसबी जोडणीने ती दुसऱ्या संगणकाला लावली, की डिस्क धडधाकट असल्यास फायली उतरवून घेता येतात. डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लागेल. ती आजच, पडदा उजळलेला असताना, कागदावर लिहून ठेवा.