मुक्काम कोठे करावा? वडील आणि मुलांच्या तंबूसहलीसाठी जागेची निवड

बापाची चप्पल मुलाच्या पायात बसू लागली की बापाने मुलाशी मित्रासारखे वागावे, असे आपल्याकडे म्हटले जाते. हे सांगणे सोपे, आचरणे मात्र कठीण! तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत कार्यालयातून परतणाऱ्या वडिलांच्या गळ्यात पडणारी मुले पुढे आपल्या खोलीत, अभ्यासात आणि भ्रमणध्वनीत रमू लागतात. वडीलही बदल्या, बढत्या आणि कर्जाचे हप्ते यांत गुंतलेले असतात. दहावी-बारावीची वर्षे पाहता पाहता सरतात आणि एके दिवशी मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी दुसऱ्या शहरी निघून जाते. संवादासाठी हाती उरलेला काळ आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

म्हणूनच अलीकडे अनेक गृहनिर्माण संस्थांतून, मित्रमंडळांतून आणि बँकांच्या कर्मचारी वसाहतींतून वडील आणि किशोरवयीन मुलांच्या एकत्रित तंबूसहलींचा बेत आखला जातो. कल्पना स्तुत्य आहे. परंतु अशा सहलीचे यशापयश बहुतांशी एकाच निर्णयावर अवलंबून असते, तो म्हणजे मुक्कामाच्या जागेची निवड. हा निर्णय पुष्कळदा एखादे सुंदर छायाचित्र पाहून पाच मिनिटांत घेतला जातो. कर्जाचा अर्ज केवळ छायाचित्रावर मंजूर होत नाही. त्यासाठी स्थळपाहणी करावी लागते. जेथे आपली मुले रात्री झोपणार आहेत, त्या जागेला हा नियम अधिकच काटेकोरपणे लागू व्हावयास हवा.

प्रथम माणसे, मग जागा

कल्पना करावी की ठाण्यातील एका संस्थेतील सात वडील आणि त्यांची तेरा ते सतरा वयोगटातील नऊ मुले-मुली हिवाळ्यातील दोन रात्रींसाठी बाहेर पडू इच्छितात. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला, मावळातील पवना जलाशयाचा काठ; दुसरा, लोणावळ्याजवळील राजमाची; आणि तिसरा, अकोले तालुक्यातील भंडारदरा.

तिन्ही ठिकाणे देखणी आहेत. पवनेच्या परिसरात लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चार किल्ले आहेत. त्यांपैकी लोहगडाचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले असून पायथ्याच्या उधेवाडीत घरगुती जेवणाची सोय होते. भंडारदऱ्याला प्रवरेवरील जलाशय आहे, रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर आहे आणि १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई जवळच आहे.

मग निवड कशी करावी? सौंदर्याची तुलना करण्याआधी गटातील माणसांची यादी करावी. कोणाला दमा आहे, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, कोणाला रक्तदाबाची गोळी वेळेवर लागते, कोणाला पोहता येत नाही, हे कागदावर लिहावे. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट सुमारे पंधरा किलोमीटरची आणि खडबडीत आहे, तर कर्जतकडील कोंदिवड्यावरून चांगलीच चढण लागते. सोळा वर्षांच्या मुलांना त्याचे काहीच वाटणार नाही. पन्नाशीतल्या एखाद्या वडिलांना मात्र रात्री दुखणे उद्भवल्यास वाहन मिळेपर्यंत मोठाच वेळ जाईल. जागा गटातील सर्वांत धडधाकट सदस्याला नव्हे, तर सर्वांत नाजूक प्रकृतीच्या सदस्याला मानवणारी असावी, हा पहिला निकष होय.

पाण्याचा मोह आणि पाण्याची शिस्त

तंबू म्हटला की तो पाण्याच्या काठी असावा, असे सर्वांनाच वाटते. येथेच सर्वाधिक सावधगिरीची आवश्यकता आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडण्यात आलेल्या पाण्यात वाहून गेले. काही क्षणांपूर्वी ते खडकांवर उभे राहून छायाचित्रे घेत होते. धरणाखालच्या नदीचे पात्र कोरडे दिसले तरी ते निर्धोक नसते, हा या दुर्घटनेचा धडा कोणत्याही पालकाने विसरता कामा नये. कर्नाटकातील दांडेली येथे काळी नदीच्या काठी मुक्काम करणाऱ्यांनाही सुपा धरणाच्या विसर्गानुसार पाण्याची पातळी बदलताना दिसते.

जलाशयाचा काठ वरकरणी शांत असतो, परंतु त्याचेही धोके आहेत. पाण्याखालचा उतार एकाएकी खोल जातो, गाळात पाय रुततात आणि पोहणे येणारी व्यक्तीही थंड पाण्यात लवकर थकते. म्हणून जागा पाहताना तीन प्रश्न विचारावेत. तंबू पाण्यापासून किती अंतरावर आणि किती उंचीवर आहेत? अंगरक्षक जॅकेटे सर्वांना पुरतील इतकी आणि मुलांच्या मापाची आहेत का? अंधार पडल्यावर पाण्याकडे जाणारी वाट कोणाच्या नजरेखाली असते? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर ती जागा कितीही रमणीय असली तरी सोडून द्यावी. ओढ्याच्या कोरड्या पात्रात आणि एकाकी उंच झाडाखाली तंबू ठोकू नये, हा नियम तर सर्वच ठिकाणी पाळावा.

रात्र कशी जाईल?

दिवस कोठेही आनंदात जातो. जागेची खरी पारख रात्री होते. तंबूला शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी साखळी असावी. आपल्याकडील मण्यार हा विषारी साप प्रामुख्याने रात्री संचार करतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. त्यामुळे सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे आधीच विचारून ठेवावे. भ्रमणध्वनीला संपर्क मिळतो का, हेही प्रत्यक्ष तपासावे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक पाठ असून उपयोग नाही, तो लागतो कोठून हेही ठाऊक हवे.

थंडीत उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेण्याचा मोह होतो. बंद तंबूत त्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंग-गंधहीन असतो आणि झोपेतच प्राण घेतो. शेकोटी बाहेरच, व्यवस्थापकाने ठरवून दिलेल्या जागीच असावी.

गटात मुली असतील तर स्वच्छ, आतून कडी लागणारी आणि प्रकाशाची सोय असलेली स्वच्छतागृहे ही अनिवार्य अट मानावी. शेजारच्या गटाचे मद्यपान आणि मोठ्या आवाजातील संगीत हा सुट्यांच्या दिवसांत शहरांजवळच्या ठिकाणी हमखास येणारा अनुभव होय. पवनेचा काठ मुंबई-पुण्याला जवळचा, त्यामुळे शनिवार-रविवारी तेथे गर्दी असते. ज्या सहलीचा हेतूच गप्पा मारणे हा आहे, तिला शांतता हवी. त्यासाठी कधी ठिकाण बदलावे लागते, तर कधी नुसता वार बदलूनही भागते.

नियम आणि परवाने

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच बाळगू नये. भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यालगत वा अभयारण्यात येतो. तेथे वनविभागाचे नियम लागू होतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनीही स्थानिक नियम पाहावेत. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याल म्हणजेच उंचावरील कुरणांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. त्याआधी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऋषिकेशजवळच्या गंगाकाठच्या तंबूवस्तीवर निर्बंध घातले होते. जुन्या प्रवासवर्णनात वाचलेली जागा आज खुली असेलच असे नाही.

हिशेब मुलांच्या हाती

खर्चाचे अंदाजपत्रक करताना प्रवास, मुक्काम, भोजन, वाटाड्याचे मानधन आणि आकस्मिक निधी असे पाच भाग करावेत. आगाऊ रक्कम आयोजकाच्या खात्यात भरून रीतसर पावती घ्यावी आणि बेत रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी ठरवावे. हा सर्व हिशेब गटातील एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवून पाहावा. दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्रपणे बचत खाते उघडून चालवण्याची मुभा बँका देऊ शकतात, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. सोळा जणांच्या सहलीचा जमाखर्च पैशान्‌पैशासह जुळवण्यातून मिळणारे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

निवड कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वर दिलेले निकष लावल्यास आपल्या कल्पनेतील गटाला भंडारदरा बहुधा सोयीचे वाटेल. नाशिक महामार्गाने कसारा घाट चढून घोटीमार्गे थेट वाहनाने पोहोचता येते, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान जवळ असल्याने गरज पडल्यास पक्के छप्पर मिळू शकते आणि धडधाकट मुलांसाठी कळसूबाईची चढाई आहेच. परंतु हा निष्कर्ष वडिलांनी परस्पर काढून मुलांना कळवला, तर अर्धी सहल तेथेच फसते. मग सहल मुलांच्या दृष्टीने आणखी एक आज्ञा ठरते.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले, तेव्हा मुलांच्या लहान तुकड्या पाडून प्रत्येकीचे नेतृत्व मुलाकडेच दिले होते. स्काउट चळवळीचा पाया तेथे घातला गेला. जबाबदारी दिली की मुले ती पेलतात, हाच त्यामागील विश्वास होता.

तोच विश्वास येथेही ठेवावा. तिन्ही ठिकाणांची माहिती मुलांनी जमवावी, व्यवस्थापकांना दूरध्वनी मुलांनी करावा, प्रश्नावली मुलांनी भरावी. त्यानंतर सहलीपूर्वी दोन वडील आणि दोन मुलांनी एके रविवारी प्रत्यक्ष जाऊन जागा पाहून यावी. शेवटी सर्वांनी एकत्र बसून मतदान करावे. वडिलांनी आपल्याकडे केवळ एकच अधिकार राखून ठेवावा, तो म्हणजे सुरक्षिततेच्या कारणास्तव नकार देण्याचा. आणि नकार दिल्यास त्याचे कारण मुलांना समजावून सांगावे. उद्या हीच मुले मित्रांसमवेत एकटी बाहेर पडतील, तेव्हा वडील सोबत नसतील. पण धरणाखालच्या पात्रात का उतरायचे नाही, हे त्यांना आठवेल.

सहलीच्या दोन रात्री लवकर संपतात. तेथे गप्पा झाल्या तर उत्तमच. पण अनेक घरांतील अनुभव असा की, खऱ्या गप्पा आधीच सुरू झालेल्या असतात. नकाशावर वाकून अंतर मोजताना, दरपत्रकांची तुलना करताना आणि ‘‘बाबा, तुम्हाला पोहता येतं ना?’’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देताना. मुक्कामाची जागा वडील आणि मुलांनी मिळून शोधली, की मुक्कामाला पोहोचण्याआधीच सहलीचा हेतू बराचसा साध्य झालेला असतो.